मदत हवी आहे: 'टर्नपाइक'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते आणि रविवारच्या मराठी शाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते. मागच्या आठवड्यात त्यांना 'आमचा प्रवास' या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितलं होतं. एका मुलीने लिहिलं, 'आजीला घेऊन आम्ही टर्नपाइकवरून फिलाडेल्फियाला गेलो.' टर्नपाइक (इथला टोल भरून जायचा मोठा रस्ता) या शब्दाखाली तिने पेन्सिलने रेघ मारून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. वही पुढे करून म्हणाली, "ताई, याला मराठीत काय म्हणायचं?"

मी पटकन 'पथकर मार्ग' सांगून मोकळी झाले. तिने लगेच खोडून तसं लिहिलंही. पण घरी येताना तो शब्द डोक्यातून जाईना. पथकर आपण पाटीवर वाचतो, बोलताना कुणी वापरत नाही. 'पुण्याला जाताना पथकर किती लागला?' असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. टोल लागतो, टोल भरतो, टोलनाक्यावर रांग असते. जो शब्द मी स्वतः बोलत नाही तो मुलीच्या वहीत घातला, याचं वाईट वाटतंय.

मग मूळ शब्दाच्या मागे लागले. पाइक म्हणजे लांब दांड्याचा भाला. (आपला 'पाईक' वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) घोडेस्वारांना अडवायला रस्त्यावर आडवी लावलेली, टोकदार खुंट्यांची फिरती चौकट म्हणजे टर्नपाइक. पुढे पैसे घेऊन सोडणाऱ्या अडसरालाही तेच नाव पडलं. इंग्लंडमध्ये १६६३ साली कायदा झाला आणि लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवर वेड्समिल इथे असा अडसर बसला. रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च तो वापरणाऱ्यांकडून काढायचा, हा हेतू. हळूहळू फाटकाचं नाव रस्त्यालाच चिकटलं आणि अमेरिकेत आलं. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा साधारण १०० किलोमीटरचा टर्नपाइक १७९० च्या दशकातला. आमचा न्यू जर्सी टर्नपाइक १९५१ साली सुरू झाला.

माझी खरी अडचण इथून पुढे आहे. कनेटिकट टर्नपाइकवरचा टोल १९८५ मध्ये बंद झाला, नाव राहिलं. मेरीलँडमधला रॉकव्हिल पाइक (पाइक हे टर्नपाइकचंच आखूड रूप) तर दुतर्फा दुकानांचा रस्ता आहे, तिथे कुणी पैसे मागत नाही. म्हणजे अडसर गेला, पैसे गेले, शब्द तेवढा उरला. अशा रस्त्याला 'पथकर मार्ग' म्हणणं चूकच ठरेल.

हे सगळं त्या मुलीच्या आजीला फोनवर सांगितलं. त्या जुन्नरच्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मग तो नाक्याचा रस्ता. आमच्या नाणेघाटात नाही का दगडी रांजण, जकातीचा?" कल्याणहून जुन्नरला येणारी सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट ती. घाटमाथ्यावरच्या त्या रांजणात जकातीची नाणी टाकत, असं तिथे पिढ्यान् पिढ्या सांगतात.

त्यांचा शब्द मला फार आवडला. नाक्याचंही पाइकसारखंच झालंय ना? नाका म्हणजे वाट अडवून तपासणी करायची, जकात घ्यायची जागा. आज वरळी नाका म्हटलं की चौकच डोळ्यांसमोर येतो. मुंबईत जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली, तरी जुन्या जागांना लोक नाकाच म्हणतात.

तर प्रश्न दोन आहेत. मुलांच्या शब्दसूचीत टर्नपाइकसमोर काय लिहू: टोलरस्ता, नाक्याचा रस्ता, की टर्नपाइकच ठेवू? आणि टोल नसलेल्या 'पाइक'चं काय करू? येत्या रविवारच्या आत सुचवा, कारण तो चुकीचा शब्द मला तिच्या वहीतून काढायचा आहे.

प्रतिसाद १

ताई, दोन गोष्टी वेगळ्या करा. न्यू जर्सी टर्नपाइक हे विशेषनाम आहे, त्याचं भाषांतर नको. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला घरात कुणी 'द्रुतगती मार्ग' म्हणत नाही, बातमीत मात्र म्हणतात, तसंच हे. अर्थ सांगताना 'टोलचा रस्ता' म्हणा. तुमच्या रॉकव्हिल पाइकचाही प्रश्न यातच सुटतो, कारण नावाला टोल असण्या-नसण्याशी देणंघेणं नसतं.

प्रतिसाद २

मी मुलुंडला राहतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. माझी गाडी आता न थांबता जाते, पण घरी फोन आला की मी अजूनही 'टोलनाक्यापाशी पोचलो' असंच सांगतो. आजींचा शब्द सूचीत जरूर घ्या. फक्त 'नाक्याचा रस्ता' म्हटलं की आमच्यासारख्यांना चौकाकडे जाणारा रस्ता वाटेल, म्हणून शेजारी 'टोलनाक्याचा' असं लिहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. विशेषनाम तसंच ठेवते. सूचीत 'टर्नपाइक: टोलचा रस्ता, टोलनाक्याचा रस्ता' असं लिहीन आणि वर्गात नाणेघाटाच्या रांजणाचा फोटो दाखवीन. आजी सहा आठवडे इथेच आहेत, रांजणाची गोष्ट सांगायला त्या स्वतः वर्गात यायला तयार झाल्यात.

एक राहिलंच. त्याच वहीत पुढे 'आम्ही दहा नंबरला एक्झिट घेतला' असं आहे. मी 'दहा नंबरला उतरलो' असं सुचवणार होते, पण ते बसमधून उतरल्यासारखं वाटतं. तुम्ही एक्सप्रेसवेवरून लोणावळ्याला वळता तेव्हा घरात काय म्हणता? 'बाहेर पडलो' की 'खाली उतरलो'?