क्लाउडवर डीआर आहे, म्हणून निवांत झोपायचं?

टेपबहाद्दर:
‘शून्यमिनिटं’ यांनी परवा लिहिलं, "छोट्या धंद्याने दुसरी सर्व्हर रूम बांधणं ही निव्वळ हौस. क्लाउडवर डीआर (सर्व्हर बंद पडले तर काम पुन्हा सुरू करायची पर्यायी सोय) घ्या, महिन्याचं भाडं भरा आणि निवांत झोपा." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

झोपा की, पण आधी एवढं सांगा: मूळ डेटा, त्याची प्रत आणि ती प्रत पुसायचा अधिकार, हे तिन्ही एकाच ॲडमिन लॉगिनमध्ये आहे का? जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडच्या कन्सोलमध्ये (सगळं चालवायच्या पडद्यावर) हल्लेखोर घुसला. त्याला हुसकायला गेले, तर त्याने मशीन, स्नॅपशॉट (त्या त्या क्षणीच्या प्रती), बॅकअप, जे दिसेल ते उडवलं. कंपनीला टाळं लागलं. क्लाउड मात्र ठणठणीत होता बरं का! आणि मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूरला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात निघाले.

शून्यमिनिटं:
कुलूप लावलं नाही आणि चोरी झाली, तर दोष घराचा? दुसरा रीजन (दुसऱ्या भागातली डेटा सेंटर) निवडायचा पर्याय असतो. तो न घेणाऱ्यांचं खापर माझ्या डोक्यावर नको.

स्वतःचं सांगतो. आमच्या सर्व्हर रूममध्ये वरच्या मजल्याची पाइपलाइन फुटून पाणी शिरलं. १४ व्हीएम (आभासी सर्व्हर) होत्या. ३५ मिनिटांत क्लाउडवर उठल्या, ऑर्डरी सुरू. नवं हार्डवेअर यायला सात आठवडे लागले. तुमच्या बॅकअपच्या टेप कपाटात सुखरूप राहिल्या असत्या हो, पण त्या वाचायला मशीन कुठून आणणार होतात?

आणि स्वतःच्या डेटा सेंटरचं एवढं कौतुक असेल, तर सप्टेंबर २०२५ मधलं दक्षिण कोरियाचं सरकारी डेटा सेंटर आठवा. बॅटरीला आग लागली, कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायच्या जी-ड्राइव्हमधला ८५८ टेराबाइट डेटा गेला. बाहेर प्रतच नव्हती.

टेपबहाद्दर:
त्या जी-ड्राइव्हला सरकारी क्लाउडच म्हणत होते. उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत, आभारी आहे.

हिशेबनीस:
सात आठवडे क्लाउडवर चाललात, त्याचं बिल किती आलं ते बरं सांगितलं नाहीत! विकणारा फक्त स्टोरेजचा दर दाखवतो. फेलओव्हर झाला, म्हणजे काम क्लाउडवर गेलं, की कम्प्यूटचं (मशीन चालवायचं) मीटर सुरू होतं, ते कोटेशनच्या तिसऱ्या पानावर असतं. मग परत यायचं तर डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे. शिवाय १० टेराबाइट १०० एमबीपीएसच्या लाइनवरून आणायला, लाइन अखंड भरून वाहिली तरी नऊ दिवस लागतात. फेलओव्हरचं सगळे बोलतात, फेलबॅकचं, म्हणजे परत येण्याचं, नाव काढलं की मीटिंग संपते.

शून्यमिनिटं:
बिल पाहून साहेब दोन मिनिटं बोलले नाहीत, कबूल. पण धंदा बंद राहिला असता तर तो आकडा तुम्ही कोणत्या रकान्यात मांडला असतात?

तिसरी घंटा:
तुम्ही सगळे पुरुष जागेवरून भांडताय, खरा घोळ ड्रिलमध्ये, म्हणजे सरावात, असतो. आमच्याकडे तीन वर्षं ड्रिलचा रिपोर्ट हिरवागार. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा व्हीएम २० मिनिटांत उठल्या, पण मुख्य सॉफ्टवेअर उघडेना. लायसन्स जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डाला बांधलेलं होतं. व्हेंडरचा नंबर फाइल सर्व्हरवर, आणि फाइल सर्व्हर डीआरमध्ये ‘पुढच्या फेजमध्ये’ येणार होता. ओटीपी जाणारा फोन रजेवरच्या माणसाच्या खिशात. ड्रिलला दरवर्षी त्याच दोन गुणी व्हीएम उठवायचो, हे तेव्हा लक्षात आलं.

टेपबहाद्दर:
आम्ही सहा महिन्यांनी सगळंच्या सगळं रिस्टोर करतो. शिस्त लागते, ताई.

अवकाळी:
‘आम्ही’ म्हणजे कोण हो? शनिवारी रात्री ११ ते पहाटे ५ जागतो तो माझ्यासारखा. सोमवारी १० ला हजर, बदली सुट्टी नाही. आणि ड्रिल फसली तर अप्रेझलमध्ये पहिला प्रश्न "फसली कशी?" फसली म्हणून शाबासकी मिळालेला एक माणूस दाखवा. म्हणून रिपोर्ट हिरवे असतात.

टेपबहाद्दर:
कामाची आवड नसेल तर दुसरं काम शोधावं.

अवकाळी:
आवड? तुमचा सल्ला त्या टेपसोबत कपाटात ठेवा.

तिसरी घंटा:
टेपबहाद्दर, हे अति झालं. अवकाळींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. जानेवारी २०१७ अखेर गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एकाने चुकून चालू डेटाबेस पुसला. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने कधीपासून फसत होता, आणि फसल्याचे मेलच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं उघड लिहिलं. आपल्याकडे कोण लिहितं?

टेपबहाद्दर:
ठीक, ते वाक्य मागे घेतो. बदली सुट्टी मिळायलाच हवी. पण मुद्दा सुटतोय. रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फायलीही रेप्लिकेशनने (सतत चालणाऱ्या नकलेने) पाच मिनिटांत पलीकडे पोचतात. तुमचा पाच मिनिटांचा आरपीओ (जास्तीत जास्त किती वेळचा डेटा गेला तर चालेल ती मर्यादा) तिथे तुमच्याच मुळावर येतो.

शून्यमिनिटं:
जुने रिकव्हरी पॉइंट (आधीच्या वेळेच्या प्रती) ठेवता येतात, मुदतीआधी न पुसता येणारी प्रतही ठेवता येते.

हिशेबनीस:
आणि ती मुदत भरेपर्यंत भाडंही थांबवता येत नाही.

टेपबहाद्दर:
मे २०२४. गूगल क्लाउडच्याच चुकीने ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्ती फंडाचा प्रायव्हेट क्लाउड (फक्त त्यांच्यासाठीचा) पुसला गेला. दोन ठिकाणी होता, दोन्हीकडून. आता बोला.

शून्यमिनिटं:
बोलतो. त्यांच्या उपयोगी पडली ती दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेली प्रत. तुमची टेप नव्हे!

टेपबहाद्दर:
वेगळी जागा, वेगळी किल्ली. पहिल्या ओळीपासून दुसरं काय सांगतोय?

शून्यमिनिटं:
आत्ता जाऊन पाहिलं. दोन्हीकडचं ॲडमिन खातं एकच आहे आणि ते माझ्या नावावर आहे. वेगळं करायला घेतलंय. टेप मात्र घेणार नाही.

अवकाळी:
आणि त्याची ड्रिल कधी? शनिवारीच ना?