कचारगडची गोष्ट उघड्यावर उभी करायची, तर दगड कसा सरकवायचा?

धानाचं_खळं
जय सेवा. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची ही गोंडांच्या उगमाची गोष्ट, माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कली कंकालीची 33 पोरं शंभू-गौराच्या रागामुळे कचारगडच्या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर धोंडा बसला. जंगो रायताड देवीनं त्यांना जपलं. गोंडांचे आद्यगुरू पहांदी पारी कुपार लिंगोनं त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला. हिरासुका पाटालीरनं किकरी (गजानं वाजवायचं तंतुवाद्य, कुणी किंगरी म्हणतं) छेडली, त्या सुरानं पोरांच्या अंगात बळ आलं आणि आतून रेटा बसून दगड हलला. त्याच दगडाखाली हिरासुका गेला. सुटलेली पोरं लिंगोची शिष्य झाली, सगा (देवांच्या संख्येवरून पडलेले कुळांचे गट) आणि गोत्रं तिथून पुढची.

माझं म्हणणं असं, की ही गोष्ट पडद्याच्या रंगमंचावर होऊच शकत नाही. दगड हलताना बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन तीच असली पाहिजे. कापणीनंतरचं खळं घ्या, उंचवटा नको, माईक नको. धसकटं खणून काढा, नाहीतर पोरांचे तळवे फाटतात. पाणी मारून चोपणी करा, वर शेणाचा सडा. खेळाची जागा मधोमध 6 मीटर त्रिज्येची. तिच्याभोवती पाऊण वर्तुळात 12 रांगा, दोन रांगांत पाऊण मीटर. वाटा सोडूनही 700 माणसं बसतात आणि शेवटचा माणूस मधल्या बिंदूपासून 15 मीटरवर असतो. एवढ्या अंतरावर कमावलेला आवाज उघड्यावर पोचतो. उरलेली पाव बाजू गुहेची.

दगड सव्वादोन मीटर उंच करा. बांबूच्या कमच्यांची पाच कडी सुतळीनं बांधून सांगाडा, त्यावर बारदान, मग खळ आणि गाळलेल्या मातीचे दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिला, तर पापुद्रे सुटतात. सगळं मिळून 40 किलोच्या आसपास भरतं, आणि इथंच बहुतेकांचा खेळ फसतो. हलका दगड फुग्यासारखा उसळतो आणि पोरांचा जोर खोटा दिसतो. तळाशी वाळूची दोन पोती, 25-25 किलोची, घट्ट बांधा. तो गडगडवायचा नाहीच. दोन ओंडक्यांवरून घासत सरकवायचा, म्हणजे लाकडाची करकर ऐकू येते. ती करकर किकरीच्या सुरात मिसळली की मागच्या रांगेतला माणूस पुढे झुकतो.

वडसा_पडद्यामागे
जागेचं गणित पटलं, माईक नको हे नाही पटलं. माघ पौर्णिमेच्या कचारगड जत्रेच्या आसपास खेळ लावाल, तर 700 माणसं कुठली, हजारोंनी येतात. किकरीला तीन तारा, त्या घोड्याच्या केसांच्या. तिचा जीव केवढा? जवळच्या पंधरा-वीस माणसांना ती रडवते, दहाव्या रांगेत फक्त गजाची हालचाल दिसते. ज्या वाद्यानं दगड हलला तेच ऐकू आलं नाही, तर उरलं काय? झाडीपट्टीनं (पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यानं) नाटक रात्रभर आणि हजारोंपर्यंत नेलं ते आवाज पोचवूनच.

आवाज वाढवणं म्हणजे भोंगे लावणं नव्हे. किकरीच्या पोटाला चिकटवायचा छोटा पिकअप (वाद्याची कंपनं थेट पकडणारा माईक) घ्या. समोर धरलेल्या माईकमध्ये वारा शिरतो. पुढे दोन स्पीकर, 30 मीटरवर आणखी दोन. मागच्यांना 90 मिलिसेकंद उशीर द्या, कारण आवाजाला एक मीटर कापायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. हा उशीर विसरलात तर मागच्यांना प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, निदान 60 मीटर लांब.

किकरीचा_गज
तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, ती म्हणजे हे नाटक आहे. तसं ते नाही. ही कथा परधानानं, म्हणजे गोंडांच्या पिढीजात कथागायकानं, सांगायची असते. ज्या गोंड घराण्याला तो बांधलेला, त्या सग्याच्या कथेला तिथं जास्त जागा मिळते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे, प्रत्येकाच्या अंगणात कथेचा भर वेगळा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून उतरवून घेतलेलं आणि 1866 मध्ये छापलं गेलेलं गीत बघा. त्यात गोंडांना कोंडणारा महादेव आहे, दगड सोळा हात लांब आहे, राखणीला भस्मासुर आहे आणि दगड हलवतो स्वतः लिंगो. गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या कथेत हिरासुका आहे आणि त्याचं मरण आहे. तुम्ही कमच्या बांधून, पोरांना तालमी देऊन यातली एक कथा पक्की केलीत की बाकीच्यांना लोक ‘चुकीची’ म्हणायला लागतील. दहा वर्षांनी परधानाच्या अंगणात पोरगं उठून म्हणेल, ‘खेळात तर असं नव्हतं.’ याची भीती वाटत नाही का तुम्हाला?

शिवाय लिंगोचं सोंग कोण घेणार? गावातल्या एखाद्या देखण्या पोराला लिंगो करून उद्या त्याचे फोटो फिरणार. ज्याच्यापुढे माणसं हात जोडतात, त्याला चेहरा देऊ नये, असं ठाम मत आहे माझं.

धानाचं_खळं
गजभाऊ, लिंगोचं बोलणं मान्य. लिंगो दिसायचाच नाही. परधान गुहेच्या उजव्या कडेला जमिनीवर बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगेल आणि लिंगोचे शब्द त्याच्याच तोंडून येतील. पोरं मुकी. म्हणजे परधानानं त्या रात्री भर बदलला, तर पोरांनी त्याच्या मागं जायचं. त्यासाठी तालीम संवादांची न घेता खुणांची घ्या. गज उलटा फिरला की बसायचं, परधानानं लांब हुंकार दिला की रेटा. अशा सात-आठ खुणा पुरतात.

वडसाभाऊ, माईकबद्दल मात्र मागं हटणार नाही. उघड्या जागेवर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावता येत नाही, 2000 सालचे नियमच तसे आहेत. सरकार वर्षातून फार तर 15 दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच सूट देतं. परधानाची कथा अंधार पडल्यावर सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते. माईक आला की ती दीड-दोन तासांत कोंबावी लागते, आणि कापलं जातं ते नेमकं जंगो रायताडचं. हजारो येत असतील तर तीन रात्री तीन खळ्यांवर करा.

वडसा_पडद्यामागे
तीन खळी म्हणजे तीन दगड, तीनदा चोपणी, आणि उजाडेपर्यंत गाऊ शकणारे तीन परधान. आज असे किती उरलेत? हा प्रश्न टाळू नका. मला हवा असलेला माईक त्या एका माणसाचा गळा वाचवण्यासाठीही आहे. नुसत्या गळ्यावर 15 मीटर गाजवत राहिलं, तर मध्यरात्रीच्या आत आवाज बसतो. साडेसातला सुरू करून दहापर्यंत माईकवर करा. मग सगळं बंद, आणि ज्यांना पुढची कथा हवी ते जवळ सरकून शेकोटीभोवती बसतील. तसे बसणारे शंभरही नसतील, पण त्यांना किकरी तिच्या खऱ्या आवाजात ऐकू येईल.

हिरासुकाच्या मरणाची जागा तुम्ही मोकळी सोडलीत, ती सांगतो. 90 किलोचा दगड आणि खाली माणूस, ही चेष्टा नाही. दगड थांबायच्या ठिकाणी 7 फूट लांब, अडीच फूट रुंद, 2 फूट खोल चर खणा आणि तळाला तणस अंथरा. चरावर आडव्या सागाच्या दोन बल्ल्या, प्रत्येकी 5 फुटांच्या, दोन्ही काठांवर सव्वा-सव्वा फूट टेकलेल्या. त्यांची टोकं मातीत पुरा, म्हणजे दगड त्यांच्यावर टेकतो आणि खाली जात नाही. नट दोन बल्ल्यांच्या मधल्या जागेतून आत उतरतो, ती 3 फूट हवीच. दगडापुढे पाचर घेऊन दोन माणसं अंधारात बसलेली असावीत, ही कामगिरी पोरांवर सोपवू नका. किकरी मात्र खरी नको. चरात उतरताना दांडी मोडते. नटाच्या हातात लाकडी प्रतिकृती द्या आणि सूर परधानाचा. दगड टेकतो त्या क्षणी परधानानं गज अर्ध्यावर थांबवायचा. ना ढोल, ना किंकाळी.

जंगलवाट
जागेबद्दल कुणीच बोललं नाही. काहींच्या डोक्यात थेट गुहेच्या तोंडाशी करायचं असतं, दगड आणि अंधार आयताच मिळतो म्हणून. माझा पूर्ण विरोध. ते पेनठाणा (देवाची जागा) आहे, लोक तिथं गोंगोला (पूजेला) येतात, त्यांच्या वाटेत खेळ मांडू नये. दुसरं, अशा कड्यांना आग्या मोहोळं असतात. टेंभ्याचा धूर किंवा प्रखर दिवा वर गेला, तर शेकडो माणसं अरुंद वाटेवरून पळतील. पायथ्याला धनेगावच्या बाजूची शेतं बघा, तिथून डोंगर मागं दिसतो, तेवढं पुरे.

टेंभ्यांचंही ऐका. माघ पौर्णिमा 2026 मध्ये 1 फेब्रुवारीला होती, 2024 मध्ये 24 फेब्रुवारीला. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम धरतात. म्हणजे काही वर्षी पौर्णिमा नेमकी त्यात येते आणि पानगळीचा पाचोळा तयारच असतो. चारापेक्षा जास्त टेंभे नकोत. प्रत्येकाभोवती 3 मीटर जमीन खरवडलेली, शेजारी वाळूची बादली, आणि तणस तिथून लांब. पौर्णिमेला नऊपर्यंत चांदणं खळ्यावर येतंच. गुहेच्या बाजूला दिवा लावलाच नाही, तर अंधार आपोआप मिळतो.

किकरीचा_गज
परधान सांगणार आणि पोरं मुकी, हे असेल तर माझा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा असा. पर्सा पेनच्या (थोरल्या देवाच्या) पूजेत जे गायचं असतं ते खळ्यावर यायला नको. कुठं थांबायचं हे परधान ठरवेल. तो थांबला तर त्याला ‘अजून एक’ म्हणून टाळ्या वाजवू नका, हे आधीच लोकांना सांगा.

आणि मध्यरात्रीनंतर दव पडतं. वाद्यावर मढवलेलं कातडं सैल पडतं, तारांचे केस ओले होऊन ताण सोडतात आणि गज नुसता घसरतो. किकरी सुती कापडात गुंडाळून शेकोटीपासून जरा लांब, नुसती ऊब लागेल अशी ठेवा. जवळ नेली तर कातडं आखडून कडेला फाटतं. दर अर्ध्या तासानं तारा तपासा. राळेचा खडा परधानाच्या शेजारी सुक्या भांड्यात झाकून हवा, कारण दवात राहिलेली राळ गजाला धरत नाही. वडसाभाऊ, तो पिकअप चिकटवायचा असेल तर लाकडावर चिकटवा, कातड्याला हात लावू नका.