मदत हवी आहे: बारवेसमोर, वीरगळासमोर फोन धरला की माहिती मिळावी. काय करता येईल?

दुधनाकाठ:

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे छपाई आणि मोबाईल या दोन्ही गोष्टी रोजच्याच.

आमच्या शिवारात जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. गावातल्या पोरांनी आणि बायांनी मिळून तिच्यातला झाडोरा आणि गाळ काढला. आता पायऱ्या खालपर्यंत मोकळ्या झाल्यात, भिंतीतले कोनाडे दिसतात. महादेवाच्या देवळामागं लिंबाखाली वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीच्या दगडांची ओळ आहे, सती गेलेल्या बाईच्या आठवणीची एक सतीशिळाही आहे. वालूरची चक्राकार बारव आणि चारठाण्याची देवळं बघायला येणारे लोक हल्ली वाट वाकडी करून आमच्याकडंही येतात. फोटो काढतात आणि ‘हे काय आहे हो?’ असं कुणाला तरी विचारतात. सांगणारं माणूस त्या वेळी शेतात असतं. फोन मात्र ज्याच्या त्याच्या हातात असतोच.

म्हणून वाटतं की दगडासमोर फोन धरला की त्या दगडाची गोष्ट मराठीत वाचता यावी, जमलं तर ऐकताही यावी. खालच्या चौकटीत गाईगुरांसाठी लढणारा वीर, मधे त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. हे एकदा कळलं की पुढच्या गावातला वीरगळ माणूस स्वतःच वाचायला लागतो. सतीशिळेवरचा बांगड्या भरलेला, कोपरात दुमडलेला हात कशाचा, हे तर आमच्या गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींनाही ठाऊक नाही. एका आजींना या दगडांच्या ऐकीव गोष्टी येतात. त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली आहे आणि हे काम मला लांबवायचं नाही.

माझ्या डोक्यात तीन वाटा आहेत. फोटोवरून शोधायची सोय फोनमध्ये असतेच, पण ती नेटवर आधी असलेल्या चित्रांशी आपलं चित्र ताडून बघते. आमच्या वीरगळांचं एकही चित्र नेटवर नाही, वर शेंदराचे थर. ते ओळखायचे कसे? दुसरी वाट जीपीएसची. बारवेला ती पुरेल, पण हातभर अंतरावर उभ्या दोन शिळांत जीपीएस फरक करू शकत नाही, मोकळ्यावरही त्याची चूक काही मीटरची असते. राहिला क्यूआर कोड. तो दुकानात आजच छापता येईल.

अडचण अशी की बारवेत उतरलं की रेंज जाते, आणि मराठवाड्यातलं ऊन रंगीत कागद एका उन्हाळ्यात पांढरा करतं. पाटी कशाची करावी? नेटशिवाय काही दिसेल का? आणि मी उद्या दुकान बंद केलं तरी कोड चालू राहील, असं काय करावं? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं. पैसे फारसे नाहीत, वेळ द्यायची तयारी आहे.

चौकटराजा:

ताई, क्यूआर हीच वाट धरा. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हनं तो कारखान्यातल्या सुट्या भागांवर नजर ठेवायला काढला. तेल-मळ लागला तरी वाचता यावा ही गरज तिथं होतीच. म्हणून त्यात दुरुस्तीचे चार स्तर आहेत. सगळ्यात वरचा, ‘एच’, निवडला तर कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी फोन वाचतो. उघड्यावर तोच घ्या. कोड काळा आणि मागची बाजू पांढरी ठेवा, कडेनं कोरी पट्टी सोडा. दहा सेंटिमीटरचा कोड साधारण एक मीटरवरून वाचता येतो.

नेट नसलेल्या जागी कोडमध्ये लिंक न घालता थेट मजकूरच घालता येतो. कमाल मर्यादा २,९५३ बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. इतकं भरलं तर चौकटी फार बारीक होतात आणि दुरुस्तीचा स्तरही खाली येतो, म्हणून तीन-चार ओळींवर थांबा. सविस्तर माहिती आणि आजींचा आवाज यांसाठी लिंकचा दुसरा कोड वर, रेंज मिळते तिथं लावा.

लिंक लहान करून देणाऱ्या फुकट सेवांच्या नादी लागू नका. ती सेवा बंद पडली की तुमची पाटी मुकी.

पानफूल:

क्यूआर कोडवरच चालणारी क्यूआरपीडिया नावाची सोय २०११ साली निघाली. कोड एकच, पण फोन ज्या भाषेत लावलेला असेल त्या भाषेतला विकिपीडियाचा लेख उघडतो. वेल्समधल्या मॉनमथ गावानं २०१२ मध्ये गावभर अशा पाट्या लावल्या. तुमच्याकडं मराठी फोनवर मराठी आणि हैदराबादहून आलेल्याच्या फोनवर तेलुगू दिसेल, मात्र त्या त्या भाषेत लेख असायला हवा. लेख टिकायला प्रसिद्ध झालेला, भरवशाचा संदर्भ लागतो. गॅझेटियर, वर्तमानपत्र, एखादा शोधनिबंध, जे सापडेल ते जमवा.

संदर्भ मिळेपर्यंत फोटो आणि रेकॉर्डिंग विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्र-आवाजांच्या भांडारात, मुक्त परवान्याखाली (कुणालाही वापरता येतील असे) चढवा. आजींची परवानगी तेवढी घ्या. शिळांचे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, कोरीव काम उठून दिसतं. अशी चित्रं नेटवर वाढली तर फोटोवरून शोधणाऱ्याच्याही हाती पुढं काही लागेल.

शिळासेवक:

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. पाटी दगडाला चिकटवू नका, खिळा तर मुळीच ठोकू नका. बाजूला वेगळा खांब रोवा. वास्तू केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत आहे का ते आधी बघा. असेल तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी लागते. नसेल तरी ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या. शेंदूर खरवडायला जाऊ नका, तो लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे.

दुसरं म्हणजे सुट्या, उचलता येतील अशा लहान मूर्तींची नेमकी जागा नेटवर टाकू नका. मूर्तिचोरी होते. जमिनीत रोवलेले वीरगळ आणि बारव टाकायला हरकत नाही.

आणि बारवेला प्रवेश किती बाजूंनी आहे तेही पाटीवर लिहा. त्यावरून बारवेच्या प्रकाराचं नाव ठरतं: एक असेल तर नंदा, दोन भद्रा, तीन जया, चार विजया.

दुधनाकाठ:

मनापासून आभार. आमची नंदा. गावात कुणालाच हे माहीत नव्हतं.

असं ठरवते: पायऱ्यांच्या तळाशी मजकुराचा कोड, वर देवळापाशी आवाजाचा. मूर्तींबद्दलचा इशारा पोरांना आजच सांगते, त्यांनी भराभर लोकेशनसह फोटो टाकायला घेतले होते. ठरावासाठी सरपंचताईंना भेटते.

एकच विचारायचं राहिलं. पत्र्यावर छापलेलं स्टिकर की कोरलेली ग्रॅनाइटची पाटी? ग्रॅनाइटवर काळं-पांढरं पुरेसं वेगळं दिसून फोन कोड वाचतो का? कुणी करून बघितलं असेल तर फोटो टाका.