अकरा महिन्यांचं घर: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

आठ वर्षांत सहावं घर. आता मी सगळे खोके उघडतही नाही. 'भांडी २' लिहिलेला खोका ऐरोलीहून कळव्याला जसाच्या तसा आलाय. दर वेळी तेच: डिपॉझिट, दलाली, पोलीस व्हेरिफिकेशन. करार नोंदवायचा म्हटलं की मालक कुरकुरतात, म्हणून सांगून ठेवते: १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार आपल्याकडे करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, अकरा महिन्यांचा का असेना. जबाबदारीही मालकाचीच. तुमच्याकडे काय चाललंय?

*

कोपरखैरणे. सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं, बैठं घर, बाबा माथाडी. आम्ही तिघे भाऊ, लग्नं झाली तसे मजले चढले. जिना बाहेरून, लोखंडी, इतका अरुंद की फ्रिज दोराने वर ओढला. समोरच्यांनीही मजले चढवलेत. खिडकीतून हात लांबवला की त्यांच्या दांडीवरचा टॉवेल हाताला लागतो. पाऊस आला की जो आधी पोचेल त्याने दोन्हीकडचे कपडे काढायचे, असं न बोलता ठरलंय.

*

याला आमच्या गावात 'गरजेपोटी बांधलेलं घर' म्हणतात. आम्ही प्रकल्पग्रस्त. शेतं सिडकोत गेली. १९८४ ला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, पुढे कधीतरी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. तोवर घरातली माणसं दुप्पट आणि गावठाण तेवढंच. खाली आम्ही, वर भाडेकरू. भाडं बरं येतं, खोटं कशाला बोलू. पण कागद नाहीत, त्यामुळे बँक दारात उभं करत नाही.

*

बॅचलर. फोनवर पहिला प्रश्न आडनाव, दुसरा मटण. भाड्यावर अजून आलोच नाही.

*

किसननगर. आमची इमारत धोकादायकच्या यादीत. पावसाळ्याआधी नोटीस चिकटते, मग टेकू लागतात. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. तेव्हापासून बाबा दार नुसतं लोटून झोपतात, कडी लावत नाहीत. 'सोडा की मग' म्हणणाऱ्यांनो, क्लस्टरचं, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्र पुनर्विकासातलं, घर होईपर्यंत जायचं कुठे? खोली सोडली की हक्क गेला, असं इथे प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो. खरं-खोटं करायला कोणी सोडून बघत नाही.

*

धागाकर्त्या ताई, 'भांडी २' मध्ये आहे काय?

*

आठवत नाही. परवा पुरणयंत्र शेजारून मागून आणलं, तेव्हा जरा शंका आली.