प्रतिसाद: नशिबाचाच जुगार - 'इन्टॅक्टो'

जुगारावरच्या थ्रिलरमध्ये पत्ते, पैसा आणि फसवाफसवी यापलीकडे काही नसतं, असं ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय. मला ते पटत नाही. २००१ सालचा 'इन्टॅक्टो' हा स्पॅनिश सिनेमा जरूर बघा. दिग्दर्शक हुआन कार्लोस फ्रेस्नादियोचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट.

इथे नशीब हीच रोकड. ते स्पर्शाने दुसऱ्याकडून काढून घेता येतं, आणि माणसाच्या फोटोसकट त्याचं नशीबही डावावर लागतं. खेळणारे कोण, तर मोठ्या संकटातून वाचलेले. टोमास विमान अपघातातून एकटा वाचलाय, पोलीस अधिकारी सारा कार अपघातातून. कॅसिनोचा मालक सॅम तर नाझी छळछावणीतून जिवंत आलेला. मॅक्स फॉन सिडोने ही भूमिका फार कमी बोलून केलीय. त्याचा थकलेला चेहराच सगळं सांगतो.

जंगलातला प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून सगळे दाट झाडीत जीव खाऊन पळत सुटतात. पावलांचा आवाज, धाप, आणि मधेच धाडकन कुणीतरी झाडावर आदळतो. पार्श्वसंगीताचा मारा न करता अंगावर काटा येतो. सॅमच्या तळघरातल्या डावात रिव्हॉल्व्हरच्या सहापैकी पाच घरांत गोळ्या असतात, म्हणजे नेहमीच्या रशियन रुलेटच्या (एकच गोळी भरून, पिस्तूल डोक्याला लावून चाप ओढायचा जीवघेणा खेळ) बरोबर उलट!

मध्यंतरी कथा थोडी गुंतते, पात्रांचे धागे जुळायला वेळ लागतो. तेवढं सोसा. वाचलेल्या माणसाच्या मनातला अपराधभाव इतक्या ताकदीने मांडणारा जुगारपट मी तरी दुसरा पाहिलेला नाही.