अनुभव धागा: क्षमा पूर्ण झाली, मग बाकी काय उरतं?

धागाकर्ती

इंदुरात ‘आम्ही मराठी, आणि ख्रिस्ती’ म्हटलं की समोरचा आधी गोंधळतो, मग पोहे मागवतो. तर हा धागा अशा गोंधळात टाकणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या भक्तीत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. सहाव्याला, म्हणजे ‘पूर्ण झाले आहे’ला, दरवर्षी सांगतात की पापाची किंमत चुकती झाली, आता काही देणं नाही. आपण माना डोलावतो आणि घरी येऊन जुनं ओझं परत डोक्यावर घेतो. देवाने खरंच क्षमा केली, हे तुम्हाला कधी आणि कशावरून पटलं? की पटलंच नाही? उपदेश नको, घडलेलं लिहा. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सगळे या. नावं मात्र लपवा.

स्नेहलतागंज

माझ्या सासऱ्यांचं सांगते. मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर, म्हणजे इंदूरशी नातं जुळलंच). धाकट्या भावाशी जमिनीवरून कोर्टकचेरी झाली, आणि अबोला असतानाच भाऊ गेला. पुढे घरी जो पाळक (चर्चचा धर्मगुरू) येईल त्याला त्यांचा एकच प्रश्न: माझी क्षमा झाली का? त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, क्षमा मागणाऱ्या स्तोत्र 51 चं पान कोपऱ्यात अंगठ्याच्या तेलाने पिवळं पडलं होतं. बहुतेक पाळक ‘पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर’, तितके आपले अपराध देवाने दूर केले, हे वचन वाचून, चहा घेऊन जायचे.

एकाने मात्र बायबलातला दुसरे शमुवेल, अध्याय 12 काढला. दावीद राजा म्हणतो, मी पाप केलं. नाथान संदेष्टा लगेच सांगतो, परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. मधे अट नाही की मुदत नाही. तरी पुढे दावीदाचं मूल दगावतंच, आणि घरातली तलवार, म्हणजे रक्तपात, घरातच राहते. पाळक म्हणाले, “दादा, क्षमा आणि परिणाम ही दोन वेगळी खाती आहेत. तुम्ही दुसऱ्यातला आकडा बघून पहिल्याची बाकी काढताय.” सासरे बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला फोन लावला. त्याने उचलला नाही, अजूनही उचलत नाही. पण ‘माझी क्षमा झाली का’ हे त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

वसईची लेक

आम्ही कॅथलिक, लग्नानंतर इंदूरला आले. इथे पहिल्यांदा रेड चर्चमध्ये कुमसाराला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) गेले तेव्हा माझी हिंदी यथातथा, आणि फादर केरळचे. एक जुनी गोष्ट मी वसईलाही सांगितली होती, तीच पुन्हा सांगितली. काय ते इथे लिहिणार नाही. फादरांनी विचारलं, “पहले बताया था?” म्हटलं, हो, बऱ्याचदा. तर म्हणाले, त्याची क्षमा झाली आहे, आता नवीन काही असेल ते सांग. प्रायश्चित्त म्हणून एक स्तोत्र वाचायला दिलं. खरं सांगू? मला राग आला. एवढ्या मोठ्या गोष्टीला फक्त एक स्तोत्र?

प्रायश्चित्त म्हणजे क्षमेची फी नाही, हे हळूहळू उमगलं. आमच्या शिकवणीत दोषाची क्षमा पूर्ण होते, पण पापाने आत जो वाकडेपणा मुरतो तो सरळ व्हायचा बाकी राहतो. शुद्धिस्थानाची, म्हणजे मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची, शिकवण त्याला धरूनच आहे. प्रॉटेस्टंट मैत्रिणी म्हणतात, मग पूर्ण कसली? यावर आमची भरपूर भांडणं झाली आहेत.

छावणी

मी ब्राह्मण घरातली, नवरा ख्रिस्ती. मला हे सगळं फार स्वस्त वाटायचं. कर्माचं फळ गेलं कुठे? त्याने बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय वाचायला दिला, तोच तो, फसवून घेतलेलं चौपट परत करीन म्हणणारा जकातदार. मी क्रम पाहिला. येशू त्याच्या घरी उतरायचं आधी ठरवतो, चौपटीची भाषा नंतर येते. पटलं असं म्हणणार नाही, पण स्वस्त म्हणणं सोडलं.

उदयनगर रोड

4 नोव्हेंबर 2017 ला सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननना इंदुरातच धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी त्या गर्दीत होतो. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, लोकांच्या देखत त्यांना भोसकलं होतं. आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवत होत्या, तेच नडलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली.

सगळे डोळे पुसत होते. मी मात्र आतून चिडलो होतो. माझ्या भागीदाराने मला धंद्यात बुडवलं, आणि त्याला राखी सोडा, रस्त्यात दिसला तर मी गल्ली बदलतो. प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ आलं की माझा आवाज बंद होतो, पुढच्या ओळीला परत सुरू होतो. शेजारी बायको कोपर मारते. देवाची क्षमा पूर्ण असेल हो, माझी अर्धीसुद्धा नाही.

नाइट ड्यूटी

आयसीयूत नर्स आहे. एका आजोबांनी पहाटे पाळक बोलवायला लावले. पाळकांनी येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचा भाग वाचला. त्या चोराचा ना बाप्तिस्मा झाला होता ना त्याला भरपाई करायला वेळ होता, तरी ‘आज’ सुखलोकात. आजोबांचा चेहरा सैल झाला, बीपीसुद्धा जरा खाली आलं. बाहेर त्यांची मुलगी मला म्हणाली, “बाबा सुटले. पण आईला जन्मभर मारलं त्याचं काय? तिला कोणी विचारलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजी तिथेच बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, “त्याचं देवाने बघितलं, ते बरंच झालं. माझं मी बघीन. मला घाई नाही.”

उदयनगर रोड

सिस्टर, त्या आजी परत भेटल्या तर माझा नमस्कार सांगा. बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणते, त्यांनी ‘बघीन’ तरी म्हटलंय.