'परफॉर्मन्स अपग्रेड': वाढ, मुभा की भाडं?

प्रश्न
विजेवर चालणाऱ्या मोटारींवरचा एक लेख मराठीत आणतेय. गाडी घेतल्यानंतर वर आणखी पैसे भरले की कंपनी सॉफ्टवेअर बदलते आणि गाडीचा जोर वाढतो. मूळ लेखात याला 'परफॉर्मन्स अपग्रेड' म्हटलंय. मी 'सशुल्क कार्यक्षमतावाढ' लिहिलं, पण ते खटकतंय. 'उन्नयन' तर फारच सरकारी. काय लिहावं?

प्रतिसाद १
'कार्यक्षमता' आधी काढा. कार्यक्षम गाडी म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त अंतर जाणारी. इथे बोलणं चाललंय ते थांबलेली गाडी किती झटकन वेग घेते याचं. टेस्लाने २०१९ च्या अखेरीस मॉडेल ३ लाँग रेंजसाठी २००० डॉलरला जे विकायला काढलं, त्याने शून्यावरून ताशी ६० मैलांवर जायला ४.४ ऐवजी ३.९ सेकंद पुरू लागले. पाठ्यपुस्तकातला शब्द 'त्वरण', बोलण्यातला 'पिकअप'. मी 'पिकअप'च लिहीन.

प्रतिसाद २
खरी अडचण 'अपग्रेड'मध्ये आहे. अपग्रेड म्हटलं की जुनं जाऊन नवं आलं असं वाटतं. इथे नवं काहीच येत नाही. २०१६ च्या टेस्ला मॉडेल एस ६० मध्ये बॅटरी ७५ किलोवॅट-तासांची होती, सॉफ्टवेअरने ती ६० वर अडवलेली. पैसे भरले की उरलेली खुली. त्या उरलेल्या बॅटरीचं वजन मात्र मालक पहिल्या दिवसापासून वाहत होता. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ आलं तेव्हा फ्लोरिडातल्या अशा मालकांसाठी कंपनीने ही अडवणूक तात्पुरती काढली. चांगलंच केलं. पण जास्तीचे मैल गाडीतच होते हेही त्यातून उघड झालं. याला 'वाढ' कसं म्हणायचं? 'मुभा' म्हणा. मुभा देणारा ती नाकारूही शकतो, हे त्या शब्दातच आलं.

प्रतिसाद ३
'मुभा'त कंपनीवर आरोप डोकावतो. ग्राहकाने ६० चे पैसे दिले, त्याला ६० मिळाले. फसवणूक कुठे झाली? सगळ्या गाड्यांत एकच बॅटरी बसवणं कारखान्याला सोपं पडतं, आणि कमी ऐपतीच्या माणसालाही गाडी परवडते. शिवाय जास्त शक्ती काढली की यंत्रावर ताण येतो, आणि हमी निभवायची कंपनीने. पोलस्टार २ या गाडीची शक्ती अशाच सॉफ्टवेअरने ३०० वरून ३५० किलोवॅट होते, तेही एकदाच पैसे भरून. आकडा वाढला तर 'वाढ' म्हणायला काय हरकत?

प्रतिसाद २ (पुन्हा)
एकदाच पैसे आणि कायमचं काम असेल तर मीही 'वाढ' चालवून घेईन. पण मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत ईक्यूई आणि ईक्यूएस या गाड्यांच्या जास्तीच्या पिकअपसाठी १२०० डॉलर मागितले ते दर वर्षाला. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ या गाडीची शक्ती २०१ वरून २२८ अश्वशक्ती करायला महिन्याला १६.५० पौंड, नाहीतर कायमचे ६४९ पौंड असा दर ठेवला. हप्ता थांबला की जोर गेला. याला मराठीत 'भाडं' म्हणतात. आणि आपलीच वस्तू कुणी भाड्याने घेत नाही, म्हणून मला 'मालक' हा शब्दच तपासावासा वाटतो. जमिनीच्या व्यवहारात मालकी, कब्जा आणि वहिवाट असे तीन वेगळे शब्द आहेत. इथे मालकी माझी, कब्जा माझा, पण त्या २७ अश्वशक्तींची वहिवाट कंपनीच्या मर्जीवर. हे मला अन्यायाचंच वाटतं. ६४९ पौंडांचा पर्याय निदान गाडीला चिकटलेला आहे, गाडी विकली तर पुढच्या मालकाला मिळतो. तो व्यवहार मला मान्य आहे.

प्रश्नकर्ती
'वहिवाट' सुचलाच नव्हता. मग मूळ लेखात शब्द एकच असला तरी मी दोन करते: एकरकमी असेल तिथे 'पिकअपवाढ', महिन्या-वर्षाच्या बोलीवर असेल तिथे 'पिकअपचं भाडं'. आता एकच उरलं. बॅटरीचा जो भाग वापरू देत नाहीत त्याला 'राखीव' म्हटलं तर?

प्रतिसाद १
'राखीव' नको. राखीव ठेवतो तो मालक, स्वतःच्या अडीअडचणीसाठी. वर आलेला 'अडवलेली' हाच शब्द ठेवा.